साठ अंशांच्या वर

सोमवार, ४ मार्च

सरांनी आज टेबलं वेगळी केली. माझं खिडकीजवळ, तिचं दाराजवळ, मध्ये काचेची भिंत. काच! म्हणजे ऐकू काही येणार नाही, दिसणार मात्र सगळं. असली शिक्षा सुचायला डोकं लागतं.

काम असं: पाण्यात विरघळलेलं लोखंड गप्प बसत नाही. ते पाण्याशीच भांडण काढतं. पाण्याचा एक तुकडा स्वतःकडे ओढतं, दुसरा आम्ल होऊन बाहेर पडतो. गरम केलं की भांडण वाढतं. किती वाढतं ते मोजायचं – पंचवीस अंशांपासून ऐंशीपर्यंत. वीजकेंद्राला त्यांच्या गरम पाण्याच्या नळांसाठी हे आकडे हवे आहेत. दोघींना तेच द्रावण, तीच तापमानं, पण मोजायचं स्वतंत्रपणे. "शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकींशी एक शब्द नाही. आकड्यांबद्दल नाही, पद्धतीबद्दल नाही. घरीसुद्धा नाही," सर म्हणाले आणि हसले. मग सगळेच हसले. कारण आम्ही एकाच घरात राहतो. ती माझी धाकटी जाऊ.

जाता जाता सर दारात थांबले. म्हणाले, तापमान विभागाला आता कायमचा प्रमुख नेमायचाय. तुम्हा दोघींपैकीच कुणीतरी. हे काम संपलं की ठरवू.

मी या विभागात चौदा वर्षं आहे. ती येऊन दोन वर्षंही झाली नाहीत. दोघींपैकी म्हणे!

मंगळवार, ५ मार्च

दोष कुणाला द्यायचा? हिला इथे आणली मी. मुलाखतीत बाकीच्यांना ती घुमी वाटली होती. मीच म्हणाले, तिचा हात बघा, ब्युरेटच्या टोकाला थेंब कसा अर्ध्यावर तोडते. मग कौतुकाने घरी चहाला बोलावली. दीर त्या दिवशी नेमका चष्म्याच्या दुकानातून लवकर आला, आणि त्याने तिची वाकडी फ्रेम सरळ करून दिली. तीन महिन्यांत लग्न. चष्मेवाल्याला चष्मेवाली मिळाली म्हणून सासूबाई आठवडाभर हसत होत्या. मीही हसत होते. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना माणूस इतकं हसतं हे मला माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेत ती मला मॅडम म्हणते, घरी ताई. कधी कधी गडबड होते आणि सगळ्यांसमोर "ताई, पिपेट देता का?" असं तोंडातून निघतं. लोकांना ते गोड वाटतं. तिचं सगळंच गोड वाटतं लोकांना.

शुक्रवार, ८ मार्च

नवं मीटर तिला. आकड्यांचं, चकचकीत. मला माझं जुनं काट्याचं. सर म्हणाले, "तुमचा हात त्यावर बसलाय ना." म्हणजे चौदा वर्षं नीट काम केल्याचं बक्षीस म्हणजे जुनं मीटर. असो. माझ्या काट्यावर माझा विश्वास आहे.

आज पंचवीस अंश. लोखंडाचं पिवळसर द्रावण भांड्यात, भांडं पाण्याच्या बाथमध्ये, वरून थोडं थोडं अल्कली, प्रत्येक वेळी आम्लतेचा आकडा. माझ्या बाईंनी मला हे शिकवलं तेव्हा एकच गोष्ट पढवली होती: काटा पूर्ण थांबल्याशिवाय पेन उचलायचं नाही. निकेलवर मी अकरा वर्षं काम केलं, कोबाल्टवर तीन. एकदाही घाई केली नाही. माझे आकडे लोक डोळे मिटून वापरतात.

आणि काचेपलीकडे ती! अल्कली घातलं, जरा ढवळलं, लिहिलं. अल्कली घातलं, लिहिलं. मिनिटभरसुद्धा दम नाही. साडेचारला तिचा बाथ बंद, पाचला पर्स खांद्यावर. मी सातपर्यंत तिथेच.

रविवार, १० मार्च

सासूबाईंची मैत्रीण आली होती. मी स्वयंपाकघरात, त्या बाहेर. आवाज मुद्दाम खाली केला नव्हता.

"धाकटी कशी वेळेवर घरी येते. येते ती हात धुऊन भाजी चिरायलाच बसते."

"आणि थोरली?"

"थोरलीचा काटा अजून हलत असेल."

दोघी हसल्या. मी कढई जरा जोरात ठेवली. नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "काटा घरीही हलतोय वाटतं." भूगोल शिकवणाऱ्या माणसाने आपल्या नद्या आणि डोंगर सांभाळावेत.

मंगळवार, १२ मार्च

चाळीस अंश. माझं सुरळीत. तिचंही सुरळीत असावं. गुणगुणत होती. ऐकू येत नाही पण ओठ हलताना दिसतात.

गुरुवार, १४ मार्च

आज एक गोष्ट पाहिली. इतका आनंद झालाय! लाज वाटायला हवी पण वाटत नाहीये.

मीटरला काम द्यायच्या आधी शिकवावं लागतं. ज्याची आम्लता आधीच माहीत आहे असं एक द्रावण, बफर म्हणतात त्याला, ते दाखवायचं आणि सांगायचं, बघ बाबा, हे इतकं. मग ते बाकीचं ओळखतं. पण गरम काम करायचं तर बफरसुद्धा तितकंच गरम हवं. थंडीत शिकलेलं मीटर गरमीत खोटं बोलतं. माझी बफरची बाटली नेहमी बाथमध्ये, मानेपर्यंत बुडालेली. तिची? तिची बाटली टेबलावर! पेनांच्या डब्याशेजारी! पन्नास अंशांचं काम चाललंय आणि बाईसाहेब थंड बाटलीत इलेक्ट्रोड बुडवून मीटर लावतायत.

तिच्या आधीच्या जागी सगळं काम पंचवीसलाच व्हायचं. तिथे बाटली टेबलावर असली काय आणि बाथमध्ये असली काय, सारखंच. सवय लागली, आणि इथेही आजवर तिच्याकडे पंचवीसचंच काम होतं. गरम काम मी शिकवणार होते तिला, पण त्याआधीच सरांनी काच उभी केली.

सांगायला हवं का? पद्धतीबद्दलही बोलायचं नाही – सरांचे शब्द. माझे नव्हेत.

शुक्रवार, १५ मार्च

नियम म्हणजे नियम.

शनिवार, १६ मार्च

आज सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. मुलीची रसायनशास्त्राची चाचणी आहे सोमवारी. मी चष्मा पुसून बसले, म्हटलं, आण पुस्तक. ती जिन्यावर उभी. म्हणाली, "मी वर काकूकडे चाललेय."

"का? मी काय पाणी भरते का त्या प्रयोगशाळेत?"

"तसं नाही गं आई. तू समजावताना आधी थांबतेस, मग मला थांबायला लावतेस, मग विचारतेस खरंच कळलं का. काकू एकदाच सांगते आणि कळतं."

गेली वर. वरून हसण्याचे आवाज. चाचणीच्या अभ्यासात हसण्यासारखं काय असतं? माझ्या पोटात अक्षरशः दुखायला लागलं. सासू घेतली, सर घेतले, नवं मीटर घेतलं, आता पोटची पोर पण न्या. हवं तर नवराही देते, त्याच्या नकाशांसकट.

मंगळवार, १९ मार्च

पंचावन्न. ठीक. काचेतून तिची बाटली दिसते. अजून टेबलावरच. दर सकाळी आल्या आल्या पहिली नजर तिथे जाते. देवघरात बघावं तशी बघते मी त्या बाटलीकडे.

गुरुवार, २१ मार्च

पासष्ट अंश. काटा आज मुळीच ऐकेना. अल्कली घातलं की येऊन टेकतो, म्हणावं झालं, तर सरकायला लागतो. हळूहळू खाली, अजून खाली. लोखंड निकेलसारखं सरळ नाही, हट्टी आहे. पण मीही काही कमी नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास – शेवटी थांबतो. थांबला की लिहायचं. दुसऱ्या कुणाची बैठक आहे इतकी?

ती मधेच काचेजवळ येऊन उभी राहिली, माझ्या भांड्याकडे बघत. बराच वेळ. मी मान वर केली तर हसली आणि गेली. शिकतेय बहुधा. शिकू दे, काम कसं करतात ते.

शुक्रवार, २२ मार्च

काचसामान धुणाऱ्या काकांनी तिला त्यांच्या कपाटातली ठेवणीतली ब्युरेट काढून दिली. मी दोन वर्षं मागतेय तीच. "त्यांचा हात हलका आहे मॅडम," म्हणाले. माझा काय हातोडा आहे?

रविवार, २४ मार्च

घरात आकडे बोलायचे नाहीत म्हणून आम्ही दोघी काहीच बोलत नाही. ताटं वाढताना "मीठ", "पाणी", "पुरे" एवढंच. सासूबाईंना वाटतंय आमचं भांडण झालं. त्यांनी दिराला विचारलं, दिराने माझ्या नवऱ्याला, नवऱ्याने मला. मी म्हटलं, भांडण नाही, कामाचा नियम आहे. तो म्हणाला, "नियमाने चेहरे असे होतात होय?"

धाकटीने आज नवीन कापलेले केस बांधलेच नव्हते. छान दिसत होती. नियमात हे कुठेच लिहिलेलं नाही की छान दिसायचं नाही, नाहीतर तेही मी सरांना सांगितलं असतं.

खरं सांगायचं तर तिचं माझं कधी वाकडं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा रात्री माझ्याकडेच यायची, गॅसचं बटण कुठलं, सासूबाई कधी चिडतात, सगळं विचारायला. मला बरं वाटायचं. मला तेव्हा विचारणारी हवी होती, बरोबरीने बसणारी नको होती. हे मी कुणाला सांगणार नाही.

मंगळवार, २६ मार्च

ऐंशी. संपलं. शेवटच्या आकड्यासाठी चाळीस मिनिटं थांबले. मान आखडली, डोळे चुरचुरले. पण झालं एकदाचं. ती कालच मोकळी झाली. आज खिडकीत बसून चहा पीत होती, पाय हलवत.

गुरुवार, २८ मार्च

बैठक झाली. सगळं क्रमाने लिहिते, कारण हा दिवस मला नीट ठेवायचाय.

सरांनी दोघींचे आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. आम्ही सगळे मागे अर्धवर्तुळात. पंचवीसला दोन्ही रेषा एकच. चाळीसपासून तिची जराशी सुटते. पन्नासला अजून थोडी. आणि साठच्या वर – फट! माझी रेषा खाली वळते, तिची नाकासमोर सरळ. सर "हं" म्हणाले. मग पुन्हा "हं". मग चष्मा काढून म्हणाले, "दोघींपैकी एक चुकतेय."

ती माझ्याकडे बघत होती. मी माझ्या आवाजात जितका मध घालता येतो तितका घातला आणि विचारलं, "बफर कोणत्या तापमानाला होतं?"

तिला कळायला क्षण लागला. मग चेहरा खाडकन उतरला. "टेबलावर होतं," म्हणाली.

"टेबलावर?" सर म्हणाले. "ऐंशी अंशांच्या कामाला?"

कुणीतरी मागे घसा साफ केला. सरांनी तिचा आलेख काढून टेबलावर पालथा ठेवला, माझा खिडकीतच राहू दिला. "अनुभव तो अनुभव," म्हणाले. अहवाल सोमवारी वीजकेंद्राला माझ्या आकड्यांनी जाणार. त्याच दिवशी विभागप्रमुखाचा कागद निघणार. माझ्या नावाचा.

काकांनी चहा आणला, बिस्किटं आणली. सगळ्यांनी हात मिळवला. ती सगळ्यांच्या शेवटी आली. "अभिनंदन, मॅडम." आवाज अगदी सपाट.

मी जिंकले. मी जिंकले. मी जिंकले!

शुक्रवार, २९ मार्च

घरी केक. सासूबाई शेजारच्यांना हाका मारून सांगत होत्या, "थोरली ती थोरलीच." याच बाईंनी माझ्या काट्याची टिंगल केली होती, पण आज मी मोठ्या मनाची आहे. नवऱ्याने भिंतीवरच्या जगाच्या नकाशात आमच्या घराच्या जागी लाल टाचणी लावली आणि खाली लिहिलं – विभागप्रमुख येथे राहतात. मूर्ख. पण छान वाटलं.

मुलीने केक अर्धाच खाल्ला. "काकू खाली का नाही आली?"

"डोकं दुखतंय तिचं," दीर म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी "मॅडम" हाक ऐकू आली जिन्यावरून. घरात! मी वर बघितलं तर ती बादली घेऊन चालली होती. "मॅडम, जरा बाजूला व्हा, पाणी सांडेल." दोन वर्षांत घरात पहिल्यांदा मॅडम. मी बाजूला झाले.

शनिवार, ३० मार्च

आजचा दिवस नसता उगवला तर बरं झालं असतं.

सकाळी केकचा उरलेला तुकडा खात बसले होते. मनात आलं, बघू तरी बाई किती चुकली होती. निव्वळ खोडसाळपणा, दुसरं काही नाही. बैठकीत वाटलेली दोघींच्या आकड्यांची प्रत माझ्याकडे होतीच. थंड बफरने होणारी चूक हिशेबात धरता येते. कोणत्या तापमानाला मीटर किती खोटं बोलतं ते ठरलेलं असतं. पेन्सिल घेतली आणि तिचा एकेक आकडा दुरुस्त करत गेले. चाळीस – माझ्या आकड्यावर जाऊन बसला. पन्नास – बसला. पंचावन्न, साठ – असे बसले की जणू माझेच. मी केक खाली ठेवला. इतकी स्वच्छ मोजमापं! थेंब खरोखरच अर्ध्यावर तोडते ती.

मग पासष्ट. नाही बसला. सत्तर, नाही. दुरुस्त केल्यावरही तिची रेषा सरळ जात होती आणि साठनंतर माझी एकटीची खाली घसरत होती.

दुरुस्तीत काही राहिलं असेल म्हणून तीनदा केली. मग नवऱ्याला सांगितलं, कपाटाची किल्ली विसरलेय, आणि प्रयोगशाळा गाठली. शनिवार, कुणी नाही. बाथ सत्तरवर लावला, ताजं द्रावण, ताजं बफर – बाथमध्ये ठेवलेलं, अर्थातच. अल्कली घातलं. पण या वेळी काटा थांबायची वाट न बघता येऊन टेकला तेव्हाच बघितलं.

तिचा आकडा. दुरुस्त केलेला तिचा आकडा, जसाच्या तसा.

मग थांबले, नेहमीसारखी. काटा खाली सरकायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा काट्यावरची नजर काढून भांड्याकडे बघितलं. खिडकीतून ऊन येत होतं. द्रावण हळूहळू गढूळ होत होतं. लोखंड पाण्याशी भांडायचं सोडून एकमेकांत गुंतून बारीक गंज होऊन बसत होतं, आणि प्रत्येक कण बसताना आणखी आम्ल सोडत होता. अर्ध्या तासाने काटा थांबला. अर्थात थांबणारच, आता मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

निकेल थांबतं माणसासाठी. लोखंड साठच्या वर नाही थांबत. आणि मी अर्धा अर्धा तास बसून गंज मोजत होते आणि स्वतःची पाठ थोपटत होते.

भांडं आम्लाने घासलं. किल्ली घरीच होती, अर्थात.

रविवार, ३१ मार्च

कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. सरांनी तिचा आलेख पालथा घातलाय, तो परत कोण उलटणार?

पण वीजकेंद्र माझे आकडे घेऊन त्यांचे नळ चालवणार. गंज कधी धरेल, किती आम्ल घालायचं, सगळं माझ्या घसरलेल्या रेषेवरून. महिन्याने म्हणा, वर्षाने म्हणा, नळांत काय होईल ते होईल. तेव्हा कुणीतरी विचारेल, मोजलं कुणी?

आणि तिची चूक बघा! पेन्सिलीने दुरुस्त होते. पुन्हा एकही थेंब टाकावा लागत नाही. माझ्या आकड्यांना मात्र कसलीच दुरुस्ती नाही. साठच्या वरचे सगळे नाल्यात. मला आता तिच्या चुकीचाही हेवा वाटायला लागलाय. याच्या खाली माणूस जाऊ शकतं का?

दुपारी मुलीने विचारलं, "आई, तू आजारी आहेस का?" मी म्हटलं, नाही, प्रमुख आहे.

ठरवलंय. आधी धाकटीला सांगायचं, मग सरांना. तिला सांगायचं की तुझी बाटली मी दोन आठवडे रोज बघत होते आणि मूग गिळून बसले. तुझे आकडे खरे निघाले, तुला मोठी जागा मिळो. हे सगळं मी आरशासमोर एकदा म्हणून बघितलं. फार चांगली दिसत होते. मोठ्या जावेला शोभेल असं.

सोमवार, १ एप्रिल

निघायच्या आधी वर गेले. ती इस्त्री करत होती. जमेल तितक्या मोठ्या मनाने सगळं बोलून टाकलं – बाटली, गंज, सगळं.

तिने इस्त्री उभी ठेवली. "गंजाचं मला माहीत होतं, ताई. काचेतून दिसायचं. भांडं गढूळ होतंय आणि तुम्ही काट्याकडे बघत बसलेल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"या घरात आल्यापासून ऐकतेय," ती म्हणाली. "थोरलीला विचार. थोरलीसारखं कर. तिकडे सरही तेच, मॅडमचा हात बघा. एकदा, फक्त एकदा तुमचं चुकलेलं सगळ्यांनी बघावं असं वाटत होतं. बैठकीत माझीच शोभा झाली. मग म्हटलं, आता नाहीच सांगायचं. आधी प्रमुख होऊ दे, मग वीजकेंद्रवाले शोधतील. वरून पडलं की जास्त लागतं."

आम्ही दोघी पलंगावर बसलो. कोण आधी हसलं आठवत नाही. सासूबाई खालून ओरडल्या, काय चाललंय.

नऊ वाजता दोघी सरांसमोर उभ्या राहिलो. अहवाल थांबला. दोघींनी एका टेबलावर, एका बाथमध्ये सगळं पुन्हा मोजायचंय. प्रमुख बाहेरून आणणार आहेत.

जागा गेली. आणि मी दिवसभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होते – ही मुलगी, हिचे ते केस, हिचा तो हात, आणि ही दोन वर्षं माझ्यावर जळत होती. माझ्यावर! इतकं बरं मला केक खातानासुद्धा वाटलं नव्हतं.